ऊझोच्या बाटलीत पांढऱ्या सुया, बिघडली का?

मिठागर
मंडळी, भाचा अथेन्सहून आला तो ऊझो या ग्रीक दारूची बाटली घेऊनच. मेहुण्याने ती परस्पर फ्रीजरमध्ये टाकली. रविवारी काढून बघतो तर काचेसारख्या स्वच्छ दारूत पांढऱ्या सुया तरंगतायत, काही तळाला चिकटल्यात. प्यावी की टाकावी? भाचा म्हणतो ही द्राक्षांची, पण वास तर सरळसरळ बडीशेपेचा येतो. आणि लेबलवर 'मिटिलीनी' एवढं ठळक छापलंय, त्याचं काय विशेष? जाणकारांनी सांगावं.

बिब्बा
टाकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घ्यायला येतो.

तांडेल
टाकू नका हो! बाटली ओट्यावर ठेवा. आपल्या हवेत थोड्या वेळात सुया विरघळतील, हलकेच हलवा की संपलं. बडीशेपेचा तो वास ज्याचा आहे ते अॅनिथोल शुद्ध असेल तर साधारण २१ अंशांच्या खाली गोठतं. दारूत विरघळलेलं असताना जरा जास्त गारवा सोसतं, पण फ्रीजरपुढे हात टेकतं. पाण्यात मात्र ते विरघळत नाही, म्हणून ग्लासात पाणी घातलं की दुधाळ होतं. चांगल्या मालाची खूण आहे ही, काळजीचं कारण नाही.

आता द्राक्षांचं. उमेदीची वर्षं मी ग्रीक मालकांच्या जहाजांवर इंजिन रूममध्ये काढली. आमचा चीफ इंजिनिअर लेस्बॉस या ग्रीक बेटावरच्या प्लोमारी गावचा. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात जहाज गोदीत अडकलं की रात्रीच्या फेरीबोटीने त्याच्या गावी जायचं, हा शिरस्ता. तिथे कोणी ऊझोला द्राक्षांची म्हटलं की तो भडकायचा. वाइनसाठी द्राक्षं चिरडल्यावर उरलेल्या चोथ्याची काढतात ती त्सिपुरो, ती वेगळी. ऊझोचं मूळ साधं शेतमालाचं शुद्ध अल्कोहोल, ज्याला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. चव येते ती त्यात घातलेल्या दाण्यांची: अॅनिस मुख्य, मग ज्याच्या त्याच्या घराण्याप्रमाणे बडीशेप, धणे, चक्रीफूल, वेलची, कियॉस बेटावरचा मस्तकीचा डिंक. प्रमाण कोणी सांगत नाही. चीफच्या चुलत्याने मला सगळी भट्टी दाखवली, पण वजनकाट्याच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

भट्टी तांब्याची, खाली गोल पोट, वर हंसाच्या मानेसारखी नळी. दाणे आधी अल्कोहोल आणि पाण्यात भिजत घालतात, मग मंद आचेवर चढवतात. घाई केली की तळाचे दाणे करपतात आणि सगळा घाणा बाद. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून मिशीवर ताव मारतात ना, इथे पहिली धार बाजूला काढतात. ती झोंबरी असते. शेवटची जड, ओशट, तीही वेगळी. मधली तेवढी ठेवायची. कुठे कापायचं हे म्हातारा तळहातावर दोन थेंब घेऊन, चोळून, वास घेऊन ठरवायचा. शेजारी थर्मामीटर लटकत होता, त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ही मधली धार पुष्कळ भट्ट्यांत पुन्हा एकदा गाळतात, मग काही काळ स्वस्थ ठेवतात आणि पाणी घालून चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर आणतात.

खरी गोम पुढेच आहे. युरोपचा कायदा म्हणतो की ऊझोतल्या अल्कोहोलपैकी किमान २० टक्के असं दाण्यांसकट गाळलेलं असलं पाहिजे, तेही १००० लिटर किंवा त्याहून लहान, तांब्याच्या पारंपरिक भट्टीत. बाकी ८० टक्के? साधं अल्कोहोल आणि अर्क मिसळला तरी बाटलीवर ऊझोच लिहिता येतं. म्हणून मिठागर, मागच्या लेबलवर १००% गाळलेली असं काही आहे का ते भाच्याला वाचायला लावा. प्लोमारीची जुनी घराणी याच आकड्यावर मिरवतात आणि माझ्या मते रास्त मिरवतात. स्वस्त बाटलीत वास दणकून येतो आणि घोटाबरोबर विरून जातो, मागे राहते फक्त गोडी.

सोनचाफा
छान! पण मिटिलीनीचं राहिलं की. आणि अॅनिस म्हणजे आपली बडीशेपच ना?

तांडेल
नाही ताई, दोन वेगळी झाडं. अॅनिसचा दाणा बारीक, गोलसर. अॅनिथोल मात्र दोन्हींत, चक्रीफुलातही. लेस्बॉसवर लिस्वोरी गावाजवळ अॅनिस पिकतं आणि तिथले भट्टीवाले त्यावर जीव टाकतात.

मिटिलीनी हे लेस्बॉसचं मुख्य शहर, पण लोक अख्ख्या बेटालाच त्या नावाने ओळखतात. 'मिटिलीनीचा ऊझो' आणि 'प्लोमारीचा ऊझो' ही दोन्ही नावं कायद्याने राखीव आहेत. तशीच कालामाता, थ्रेस आणि मॅसिडोनियाचीही. नुसतं 'ऊझो' म्हणायचं तरी माल ग्रीस किंवा सायप्रसचाच लागतो.

पहिला मान कोणाचा यावर मात्र भांडण आहे. थेसली प्रांतातलं तिर्नावोस म्हणतं आमचा, तिथलं कात्सारोस घराणं १८५६ सालचं. प्लोमारीतलं बार्बायानी १८६० सालचं, संस्थापक ओडेसाहून आलेला. गंमत बघा, त्या वेळी यातलं एकही गाव ग्रीसमध्ये नव्हतं. थेसली ग्रीसला मिळाली १८८१ मध्ये, लेस्बॉस १९१२ मध्ये. दोन्ही भट्ट्या तुर्की सुलतानाच्या राज्यात पेटल्या. म्हणून तुर्कांची राकी आणि ऊझो इतक्या जवळच्या. पुढे १९२२ मध्ये स्मिर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) जळलं, त्या किनाऱ्यावरच्या आशिया मायनरमधले ग्रीक निर्वासित होऊन समोरच्या बेटांवर आणि थेस्सालोनिकीकडे आले. गाळण्याचं कसब अंगात असलेली माणसं त्यांत होती, त्यांनी या धंद्यात नवं बळ आणलं. चीफची आजी त्याच लाटेत आलेली. तिच्यासमोर ऊझोला 'ग्रीकांचा शोध' म्हटलं की ती नुसती हसायची म्हणे.

मांडवीकाठ
आमच्या फेणीचं उलट आहे. चव काजूच्या बोंडातच असते, भट्टी ती फक्त राखते. उर्राक पहिल्या गाळपाची, ती पुन्हा गाळली की फेणी. काजू फेणीलाही २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पण बाटलीच्या पाठीवर किती टक्के काय ते वाचायची सवय आपल्या गिऱ्हाइकाला कधी लागणार देव जाणे.

मिठागर
सुया गेल्या! मागे ४६ टक्के लिहिलंय आणि १०० चा आकडाही आहे, भाच्याने ग्रीक मित्राला फोटो पाठवून खात्री केली. तांडेलकाका, आता प्यायची कशी? बर्फ घालू?

तांडेल
बर्फ शेवटी. आधी ऊझो, मग गार पाणी, निम्मं किंवा थोडं जास्त, आणि मग वाटलं तर एखादा खडा. बर्फ थेट घातला तर त्या सुया ग्लासात धराल. नुसती पिऊ नका आणि एका दमात तर नकोच. लेस्बॉसवर ती खाण्याबरोबरच घेतात, कालोनीच्या आखातातली मिठात मुरवलेली तारली किंवा निखाऱ्यावरचा ऑक्टोपस. तुम्हाला बाजारात ताजी तारली मिळाली तर मीठ लावून चांगली भाजा आणि वर लिंबू पिळा. मसाला लावू नका, अॅनिसपुढे तो भांडतो.

बिब्बा
तारली मी आणतो. पत्ता व्यनि करा.