पाळी ३५ दिवसांची असेल तर चौदावा दिवस धरायचा का? आणि आधी तपासणी कोणाची?

निळी_चादर, सोलापूर

नमस्कार मंडळी, इथं बऱ्याच ताया अशा विषयावर मोकळेपणानं लिहितात म्हणून धाडस करालेय, घरात कुणाला विचारायची सोय नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली, माझं वय २७, ह्यांचं ३१, अजून दिवस राहिले नाहीत. पाळी येते पण ३४-३५-३६ दिवसांनी, २८ ला कधीच नाही. जाऊबाई म्हणतात चौदाव्या दिवशी एकत्र यायचं, बाकीचे दिवस कशाला, तर आम्ही तेच करत आलोय आणि दर महिन्याला परत तेच. त्यात नंतर उठलं की बरंचसं बाहेर येतं, मग आत राहतं तरी काय असं वाटतं. सासूबाईंचं म्हणणं माझ्याच पिशवीत दोष आहे, पिशवी धुऊन घे म्हणून मागं लागल्यात. डॉक्टरबाईंनी ह्यांची पण वीर्याची तपासणी लिहून दिलीय पण हे म्हणालेत मला काय धाड भरलीय. हे सूत रंगवायच्या कारखान्यात आहेत, एमआयडीसीत, दिवसभर बॉयलरच्या शेजारी, आणि आपल्याकडचा उन्हाळा काय असतो तुम्हाला माहितीच आहे. त्या उष्णतेचा काही संबंध असतो का? आणि मुळात हे आत सगळं चालतं कसं ते कुणीतरी नीट सांगा, शाळेत तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडला होता.

प्रयोगवही

ताई, धडा सोडणारे शिक्षक लई आहेत, मी पण शाळेत विज्ञानच शिकवते त्यामुळं बघितलंय, नववी-दहावीची पोरं तो धडा सगळ्यात आधी वाचतात आणि सगळ्यात कमी समजून घेतात. असो.

आधी तुमचा चौदावा दिवस. तो २८ दिवसांच्या पाळीचा हिशोब आहे, तुमचा नाही. बीज (म्हणजे बाईचं अंडं) सुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात आणि हा काळ बहुतेक बायकांत फारसा हलत नाही, लांबतो-आखडतो तो त्याच्या आधीचा काळ, म्हणजे पाळी आल्यापासून बीज पिकेपर्यंतचा. म्हणून उलटं मोजायचं. ३५ मधून १४ गेले, एकविसावा दिवस. बीज सुटल्यावर जगतं १२ ते २४ तास, बस. शुक्राणू बाईच्या शरीरात फार तर ५ दिवस तग धरतात. आता तुम्हीच बघा, चौदाव्याला एकत्र आलात तर एकविसावा उजाडेपर्यंत त्यातला एकही शिल्लक नसणार. म्हणजे दोन वर्षं प्रयत्न केले असं तुम्हाला वाटतंय पण खरा प्रयत्न जवळजवळ झालेलाच नाही, त्यामुळं आत्ताच दोष-बिष डोक्यात घेऊ नका. सोळाव्यापासून बाविसाव्यापर्यंत एक दिवसाआड तरी या, पाळी एक-दोन दिवस इकडंतिकडं झाली तरी सापडतंय. शुक्राणू आधीच जाऊन थांबलेले बरे, बीज सुटल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

शरीर स्वतः पण सांगतं. बीज सुटायच्या आधीचे दोन-तीन दिवस जे पांढरं जातं ते पारदर्शक, चिकट, कच्च्या अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं होतं, दोन बोटांत धरून ओढलं तर तार येते. एरवी तेच घट्ट असतं आणि शुक्राणूंना वाट देत नाही. सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात पिकतं ती पुटिका, मोजतात किंवा मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं, पट्टीवर एलएच, म्हणजे बीज सोडायला लावणारं हार्मोन, वाढलेलं दिसलं की पुढच्या दीड दिवसात बीज सुटतं, पण पीसीओडी (अंडाशयात बारीक पुटिका साठतात आणि बीज वेळेवर सुटत नाही तो त्रास) असेल तर ती पट्टी फसवते.

आता आतलं. मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी ग्रंथी आहे, तिच्या हुकमावरून अंडाशयात दर महिन्याला बऱ्याच पुटिका वाढायला लागतात, त्यातली एकच पुढं निघते, बाकीच्या जिरतात. (मुलगी जन्मते तेव्हाच तिच्याकडं दहा ते वीस लाख बीजं असतात, नवीन तयार होत नाहीत, आणि आयुष्यात सुटतात जेमतेम चार-पाचशे, मला हे दरवर्षी शिकवताना नवल वाटतं.) पुटिका दोन सेंटीमीटरच्या आसपास झाली की फुटते, बीज बाहेर. गर्भनलिकेच्या टोकाला झालर असते ती ते आत ओढून घेते. शुक्राणू आणि बीजाची गाठ पडते ती ह्या नलिकेत, पिशवीत नाही! तिथून तो गर्भ दुभंगत दुभंगत तीन-चार दिवसांनी पिशवीत येतो आणि बीज सुटल्यापासून साधारण ६ ते १० दिवसांत अस्तराला चिकटतो. मगच एचसीजी हे गर्भाचं हार्मोन तयार होतं, तेच लघवीच्या टेस्टमध्ये सापडतं, म्हणून पाळी चुकायच्या आधी टेस्ट करून रडत बसू नये. चिकटलाच नाही तर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर टिकवणारं हार्मोन, उतरतं, अस्तर गळतं, पाळी.

बाहेर येतं त्याची काळजी सोडा. वीर्यात शुक्राणूंचा भाग अगदी थोडा असतो, बाकी सगळा वीर्यकोश आणि प्रोस्टेटचा द्रव. जे पोहणारे असतात ते काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडाशी शिरलेले असतात, मागं राहिलेला द्रव पातळ होऊन बाहेर येतो आणि तो यायलाच पाहिजे. उशा घालून पाय वर करून झोपायची पण गरज नाही.

मावा_सोडलेला

वहिनी, दादांना हे वाचायला द्या, मी पुरुषाच्या बाजूचं लिहितो कारण ह्या धाग्यावर पुरुष येणारच नाहीत. आमच्या घरी पण आधी बायकोलाच गोळ्या, बायकोलाच इंजेक्शनं, माझा रिपोर्ट सगळ्यात शेवटी, आणि निघालं माझ्यातच, डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या. डॉक्टरांनी उभं करून, खोकायला लावून हातानंच तपासलं आणि सांगितलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, संबंधात काही अडचण नव्हती, मला काय कळणार बे? मर्दानगीचा आणि शुक्राणूंच्या संख्येचा काही संबंध नाही हे डोक्यात शिरायला मला लई वेळ लागला.

उष्णतेचा संबंध आहे. अंडकोष शरीराबाहेर लटकतात ते उगाच नाही, आतल्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश कमी लागतं तेव्हाच शुक्राणू नीट तयार होतात. थंडीत अंडकोषाची पिशवी आवळते आणि उन्हात सैल पडते ते त्यासाठीच. रोज बॉयलरपाशी, भट्टीपाशी, तासन्‌तास ड्रायव्हिंग, मांडीवर लॅपटॉप, घट्ट कपडे, ह्यानं संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते. होतेच असं नाही, माझे चुलते आयुष्यभर बेकरीच्या भट्टीवर होते आणि त्यांना चार पोरं. म्हणूनच अंदाज लावत बसण्यापेक्षा तपासणी. आणि एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, मग पुढं नळीत पिकायला आणखी काही दिवस, त्यामुळं आज तंबाखूचा मावा सोडला, पॅन्ट सैल घातली, कारखान्यातलं खातं बदलून घेतलं तर फरक तीन महिन्यांनी दिसणार, पंधरा दिवसांत परत रिपोर्ट काढून पैसे घालवू नका. दादा जिमला जात असतील तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन-बिंजेक्शन चालू नाही ना ते पण विचारा, त्यानं बाहेरून अंग भरतं आणि आत शुक्राणू बनायचेच बंद होतात.

आजीचा_बटवा

एवढं सायन्स कशाला, अंगात उष्णता झालीय, सब्जा घ्या, दुधात गुलकंद घ्या, आणि सासूबाई अनुभवाच्या आहेत, पिशवी एकदा साफ करून घेतली की राहतं, आमच्या गल्लीत दोघींना राहिलं.

ओपीडी_सिस्टर

सब्जा खुशाल घ्या, त्यानं काही बिघडत नाही. पण पिशवी साफ करणं म्हणजे क्युरेटिंग, भूल देऊन अस्तर खरवडून काढतात, ते काही कारण असेल तरच, मूल राहावं म्हणून नुसतं करायची गोष्ट नाही. अस्तर दर पाळीला आपलं आपण गळून नवीन येतंच की. उगाच परत परत खरवडलं तर पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटून बसायचा धोका, मग खरंच अवघड होतं. गल्लीतल्या दोघींना राहिलं ते क्युरेटिंगमुळंच कशावरून? कित्येकांना काहीही न करता राहतं.

निळी_चादर, पाळी ३५ दिवसांनी येते म्हणजे बीज सुटत असण्याची शक्यता चांगली आहे पण थायरॉइड, प्रोलॅक्टिन ह्या हार्मोनच्या रक्ततपासण्या आणि एक सोनोग्राफी करून घ्या, पीसीओडी आहे का ते कळेल. नियमित संबंध ठेवून एक वर्ष झालं आणि राहिलं नाही तर तपासणी दोघांची, बाईचं वय ३५ च्या वर असेल तर सहा महिन्यांतच. नलिका मोकळ्या आहेत का बघायला एचएसजी नावाचा एक्स-रे असतो, पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत काढतात, थोडं दुखतं. घरात कुणाला टीबी झाला असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, आपल्याकडं टीबीमुळं नलिका बंद झालेल्या बायका आम्ही बघतो आणि फुप्फुसाला काहीच नसतं. पण ह्या सगळ्याच्या आधी ह्यांचा रिपोर्ट, कारण सगळ्यात स्वस्त, बिनदुखणी आणि लवकर होणारी तपासणी तीच आहे. बाईच्या पोटात नळ्या घालायच्या आणि पुरुषानं एक डबी भरून द्यायची नाही, हा कुठला न्याय. फॉलिक ॲसिड चालू केलं नसेल तर डॉक्टरांना विचारून आत्तापासूनच चालू करा.

निळी_चादर

सगळ्यांचे लई आभार, उलटं मोजायचं कुणी सांगितलंच नव्हतं. मावावाल्या दादांचं ह्यांना वाचून दाखवलं, आधी चिडले, मग रात्री स्वतःच विचारालेत की लॅबमध्येच द्यावं लागतं का, त्यांना तिथं लाज वाटते, घरून नेलं तर चालतं का? आणि किती असलं की चांगलं धरतात?

ओपीडी_सिस्टर

घरून चालतं पण लॅबला आधी विचारून ठेवा आणि डबी त्यांच्याकडूनच आणा. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध नको, तेल-साबण-कंडोम काही लावायचं नाही, सगळंच्या सगळं डबीत आलं पाहिजे, पहिला थोडा भाग सांडला तरी सांगायचं कारण त्यातच शुक्राणू जास्त असतात. तासाभराच्या आत पोचवा, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून. गाडीच्या डिकीत ठेवू नका, मे महिन्यात सोलापूरच्या डिकीत काय होतं ते सांगायला नको, आणि फ्रिजमध्ये तर नाहीच. एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यात हलणारे ४२ टक्के ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची मर्यादा आहे, त्याहून कमी आलं म्हणजे राहणारच नाही असं नाही. तसं आलंच तर परत एकदा द्यायला लावतात, ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो, एका कागदावर कुणी निदान करत नाही. सकाळी लवकर जा, गर्दी नसते.