मदत हवी आहे: सिरॉसिसमध्ये उभं राहिल्यावर नाडी वाढत नाही

वडील ६१ वर्षांचे, लिव्हर सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं). अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी कार्वेडिलॉल (बीटा-ब्लॉकर गोळी) ६.२५ मिलिग्रॅम रोज, पोटातल्या पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन. मधुमेह नाही, दारू कधीच नाही, हिमोग्लोबिन ठीक.

सकाळी पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, हात भिंत शोधतो. मी मोजलं: आडवे असताना वरचं बीपी ११२, नाडी ६४, उभं राहून तीन मिनिटांनी बीपी ८६, नाडी जेमतेम ६७. इको नॉर्मल, ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) थोडा लांबलेला. सावकाश उठवणं, डॉक्टरांना विचारून पाण्याच्या गोळीचा डोस कमी करणं, दोन्ही करून पाहिलं. फारसा फरक नाही.

सिरॉसिसमध्ये व्हेगस नर्व्ह (हृदयाची गती आवरणारी नर्व्ह) आणि बीपी सांभाळणारा बॅरोरिफ्लेक्स मंदावतो, हे वाचलंय. पण कार्वेडिलॉलनेही नाडी दबतेच. रक्तस्रावाच्या भीतीने ते बंद करून बघणं शक्य नाही, आणि ते मी करणारही नाही.

मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावून नाडीतला चढउतार मोजतात, ती चाचणी मुख्यतः व्हेगसची. मग कार्वेडिलॉल चालू असतानाही तिच्यावरून नर्व्हचा दोष आणि गोळीचा परिणाम वेगळा ओळखता येतो का? कुणाच्या रुग्णाची अशी चाचणी झाली असेल, तर त्यावरून उपचारात नेमकं काय बदललं?