मदत हवी आहे: दादाला दवाखान्यातून घरी आणलंय, आता पुढे काय?

सिडकोकर: चार महिन्यांनी दादा घरी आला. डिस्चार्ज कार्डावर एवढंच, 'एक महिन्याने दाखवणे'. दिवसभर गॅलरीत बसून असतो. आईचे गुडघे गेलेत, माझी अंबडच्या एमआयडीसीत पाळी. दिवसा जाऊन बसेल, हाताला काही काम मिळेल असं ठिकाण नाशकात आहे का? लवकर सांगा, सोमवारी रजा संपतेय.

पिंपळपार: आजार कुठला? वय? गोळ्या घेतो का? काहीच लिहिलं नाहीत.

रामकुंडी: गोळ्यांनी माणूस नुसता पेंगतो. मेव्हण्याला गिरणाऱ्याला द्राक्षबागेत नेलं, मातीत हात घातले आणि सुधारला.

पिंपळपार: गोळ्या बंद करायचे सल्ले नकोत हो.

रामकुंडी: बंद करा म्हटलं कुठे? नीट वाचा.

सिडकोकर: स्किझोफ्रेनिया. ३८. गोळ्या चालू, आई देते. ठिकाण सांगा ना कोणी.

कलमवाला: २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम १९, समाजात राहण्याचा हक्क. कलम ९८ म्हणतं, घरी सोडताना पुढच्या उपचारांचं रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायचं. 'एक महिन्याने दाखवणे' म्हणजे ठरवणं नव्हे. लेखी मागा.

सिडकोकर: भांडायला वेळ नाही, साहेब.

मिसळ_तिखट: निरामय विमा काढून टाका, लाखाचं कव्हर.

गोदाकाठची: निरामय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगतेसाठी आहे, स्किझोफ्रेनियाला नाही. आणि विम्याचं विचारलं कोणी? सिडकोकर, सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समाजसेवकाला भेटायचंय म्हणा. तोवर १४४१६ला फोन करा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. दिव्यांग प्रमाणपत्राचंही विचारून ठेवा, ४० टक्के किंवा जास्त असेल तर योजना लागू होतात.

मिसळ_तिखट: सिव्हिलला गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. रिक्षाने जा.

पिंपळपार: दादाला विचारलंत का, त्याला कुठे जायचंय ते?

सिडकोकर: नाही.

सिडकोकर: विचारलं. लेथवर जायचंय म्हणतो. आधी सातपूरला टर्नर होता. पूर्ण पाळी झेपणार नाही, चार तास चालतील म्हणाला. एवढं तर दवाखान्यातून आल्यापासून बोलला नव्हता.

रामकुंडी: सातपूरला जॉबवर्कचं एक शेड ओळखीचं आहे, मालकाला विचारून बघतो. आजाराचं सांगू का नको?

सिडकोकर: थांबा, हेही त्यालाच विचारतो. जेवतोय आत्ता.