एचआयव्ही तपासणी ओळखीच्या नजरा टाळून कुठे करता येईल?

नमस्कार मंडळी. मुद्दाम नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या.

वय २९, तालुक्याच्या गावी असतो. दोन महिन्यांपूर्वी पुण्यात एकदा निरोध न वापरता संबंध आला. तेव्हापासून झोप उडालीय. त्यात घरी स्थळं बघणं चालू आहे, म्हणून तपासून मोकळं व्हायचंय.

इथल्या सरकारी दवाखान्यात आयसीटीसीची (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची) खोली केसपेपरच्या खिडकीसमोरच आहे. बाहेर बाकावर बसलं की अख्खा बाजार बघतो. लॅबमध्ये आमच्या चुलत वहिनीचा भाऊ. माणूस चांगला आहे, पण तो बायकोला सांगणार, बायको वहिनीला, आणि वहिनी... असो. खासगी लॅबवरही भरवसा नाही. आईचा थायरॉईडचा रिपोर्ट आणायला गेलो तर भलत्याच माणसाचा कागद हातात दिला होता.

दुसऱ्या जिल्ह्यात करता येते का? आधार मागतात का? खोटं नाव सांगितलं तर?

प्रतिसाद १
लग्नाआधी दोघांनीही करावी असं माझं मत. लाज कसली?

प्रतिसाद २
लाज कसली म्हणणं सोपं आहे हो. मी काही वर्षं समुपदेशक होते, बाकावर रुमालाने तोंड झाकून बसलेले रोज बघितलेत.

कुठल्याही जिल्ह्यातल्या आयसीटीसीत जा, तपासणी मोफत आहे. रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहितात हे खरं, पण नमुन्यावर नंबर असतो. आमच्याकडे आधार नाही म्हणून कुणाला परत पाठवलं नाही. खोटं नाव नको. पुढे औषधं लागलीच तर घोळ होतो. तुमची एचआयव्हीची माहिती लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. वहिनीचा भाऊ त्यात बसत नाही!

आता केलीत तरी त्या प्रसंगाला तीन महिने भरल्यावर पुन्हा करा, कारण तपासणीत शोधतात ती प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) रक्तात दिसायला वेळ लागतो. पहिल्या किटवर काही आलं तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासूनच निदान सांगतात. आधी बोलायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. (इतरांसाठी: असा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठले तर प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात.)

धागाकर्ता
ताई, आभारी आहे. रजिस्टरमध्ये मोबाईल नंबर लिहिला तर घरी फोन येतो का? माझा फोन बऱ्याचदा आईच उचलते.

प्रतिसाद २
फोन करू नका असं समुपदेशकाला तिथेच सांगा. रिपोर्ट स्वतः जाऊन घ्या, बहुतेकदा त्याच दिवशी मिळतो.

धागाकर्ता
मंगळवारी जातो. घरी सांगितलंय, मोटारीचा पार्ट आणायला चाललोय.