पुढची कातडी मागे जात नाही, वय २९. तुळशीच्या लग्नानंतर बोहल्यावर

भिडस्त२९
नाव लपवलंय, समजून घ्या. गाव निलंग्याकडचं, नोकरी चाकणला, तिन्ही शिफ्ट. लघवीच्या जागेची पुढची कातडी पूर्ण मागे गेलेली मला आठवतच नाही. एरवी अर्धा मणी (आतलं टोक) दिसतो. ताठरता आली की तेवढाही नाही, रबरबँड घातल्यासारखं आवळतं. लघवीला त्रास नाही, म्हणून इतकी वर्षं ढकलली. आता सुपारी फुटली आहे. हातात साडेतीन महिने.

मागच्या पंधरवड्यात धीर करून एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलंसुद्धा नाही. टेबलापलीकडूनच विचारलं, "लेझर की स्टेपलर?" आणि पॅकेजचा कागद पुढे सरकवला. मी उठून आलो. मेडिकलवाल्याने खाजेची ट्यूब दिली, ती बॅगेत पडून आहे. कापल्याशिवाय हे सुटतं का? आणि दाखवायचं कुणाला?

पैलवान_कराड
भावा, खोबरेल तेल लाव, दातओठ खा आणि एकदाच जोरात मागे ओढ. मी तेच केलं. थोडं रक्त येतं, चालतं.

ओटीतला_ब्रदर
पैलवान, तुमचं निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही. ओढून फाटलेली कातडी भरून येते ती कडक होऊन, आणि मग मलमाने सुटलं असतं ते टेबलावर येतं. मी सरकारी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये १४ वर्षं आहे, डॉक्टर नाही. पण या टेबलाच्या बाजूला बराच उभा राहिलोय.

भिडस्त, दुसरी भीती त्याहून मोठी. कातडी जोर लावून मागे गेली आणि तिथेच अडकली, तर मण्यामागे फास बसतो. मणी सुजतो, सुजला की फास आणखी आवळतो. याला पॅराफायमोसिस म्हणतात. तसं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना, कॅज्युअल्टी गाठायची. उशीर झाला तर मण्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. खरं सांगायचं तर हे आमच्या हातूनही होतं. वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटला कॅथेटर घालताना कातडी मागे घेतात आणि परत पुढे आणायचं राहून जातं. नवीन पोरांना मी पहिलं हेच शिकवतो.

आता तुझा प्रश्न. कातडी मऊ आहे की चट्टा पडलेली, यावर सगळं आहे, आणि ते बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून कागद बघून उठलास ते बरोबर केलंस. मऊ असेल तर आधी स्टिरॉइडचं मलम देतात, बहुतेक बीटामेथासोन. दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. मण्यावर थापायचं नाही, जिथे आवळतं त्या कड्यावर पातळ थर. सोबत ताण द्यायचा: गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर हळूहळू मागे घ्यायची, ताण जाणवेल तिथपर्यंत, दुखायच्या आत थांबायचं, आणि दर वेळी परत पुढे आणायची. नुसतं मलम लावून ताण न देणारे महिन्याने तोंड पाडून परत येतात.

कडेला पांढरट, चकचकीत, कागदासारखी कातडी असेल, चिरा पडत असतील, तर तो लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार असू शकतो. त्यात बऱ्याचदा सुंताच करावी लागते आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवतात. हा आजार अंगावर काढू नकोस, वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर कॅन्सरचा धोका वाढतो.

मधलाही मार्ग असतो, तो पॅकेजच्या कागदावर सहसा नसतो. घट्ट कड्यावर उभा छेद देऊन आडवे टाके घालतात, तोंड रुंद होतं, कातडी राहते. काहींचा खालच्या बाजूचा धागाच तेवढा आखूड असतो, तो सोडवला की काम झालं. लेझर, स्टेपलर ही कापायची हत्यारं. कापायचं की नाही हे हत्यार ठरवत नाही.

बॅगेतली ट्यूब लावू नकोस. तसल्या ट्यूबमध्ये बुरशीचं, जंतूंचं आणि स्टिरॉइडचं औषध एकत्र कोंबलेलं असतं.

यूरोलॉजिस्टला दाखव, तालुक्याला नसेल तर जनरल सर्जनला. सरकारी हॉस्पिटलात केसपेपर काढून 'त्वचा व गुप्तरोग' लिहिलेल्या खोलीतही बघतात. त्या पाटीमुळे माणसं दारातून परत जातात, तू जाऊ नकोस. आणि सुंता म्हटल्यावर धर्म आठवतो बऱ्याच जणांना. आमच्या रजिस्टरमध्ये त्या रकान्यात सगळ्या आडनावांची माणसं आहेत.

सायझिंगवाले_काका
ब्रदरनी पोराला सांगितलं, मी पोराच्या बापाच्या वयाच्यांना सांगतो. मी इचलकरंजीचा, वय ५३. माझी कातडी जन्मभर नीट मागे जायची. गेल्या वर्षी खाज, मग बारीक चिरा, मग हळूहळू बंद. मी साबणाला दोष देत बसलो, दोन साबण बदलले. डॉक्टरांनी खाली बघितलं आणि म्हणाले, साखर तपासा. उपाशीपोटी २६० निघाली. लघवीत साखर उतरते, तिथे बुरशी वाढते. चाळिशीनंतर नव्याने घट्ट झाली असेल तर आधी बोटातून रक्त द्या.

साखरेवरच्या काही गोळ्या लघवीतूनच साखर बाहेर टाकतात, डापाग्लिफ्लोझिन त्यातली. त्यानेही हा त्रास वाढू शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, विचारा.

माझी साखर खाली आणून मग सुंता केली. मुळाशी इंजेक्शन दिलं तेवढंच दुखलं. टाके आपोआप गळाले, तीनेक आठवडे लागले. पहिल्या चार रात्री मात्र झोपेत ताठरता आली की टाके ताणून जाग यायची, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. धोतर नेसून घरात बसलो, कारण चड्डीला मणी घासला की जीव जायचा. सहा आठवडे संबंध बंद. बायकोने एवढंच म्हटलं, "आधीच दाखवायचं होतं."

भिडस्त२९
ब्रदर, काका, दोन महिन्यांनी लिहितोय. 'त्वचा व गुप्तरोग'च्या रांगेत माझ्यापुढे एक आजी नातवाची खरूज दाखवायला आलेली होती, त्यामुळे धीर आला. डॉक्टर बाई होत्या. मी पळणार होतो, पण नंबर आला. त्यांनी दोन मिनिटं बघितलं: मऊ आहे, चट्टा नाही. साखर नॉर्मल. बीटामेथासोन लिहून दिलं, सहा आठवडे.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत काही फरक नव्हता. नाईट शिफ्टला संध्याकाळचा हात चुकायचा, मग मोबाइलला गजर लावला. पाचव्या आठवड्यात एरवी पूर्ण मागे जायला लागली. पहिल्यांदा पूर्ण मणी बघितला. इतका हुळहुळा की पाण्याची धारही सोसवेना, आता सोसवते. ताठरतेत पाऊण येते आणि मग खालचा धागा ओढतो. बाई म्हणाल्या, मलम थांबवा, ताण देणं चालू ठेवा, आणि धाग्यासाठी सर्जनला दाखवा. मंगळवारची तारीख आहे.

आईला वाटतंय पोरगा लग्नासाठी फार नीटनेटका राहायला लागलाय, आंघोळीला अर्धा तास घेतो. होणारीला अजून सांगितलेलं नाही. सर्जन काय म्हणतात ते बघून सांगेन.

ओटीतला_ब्रदर
मंगळवारी धागा सोडवायचा ठरलं तर लग्नाआधी सहा आठवडे उरतात का ते आधी मोज. नसतील तर लग्नानंतर कर, पळून जात नाही तो.