पावसाळ्यात तंबाखूचा पाइप गुरगुरतो, काय करावं?

रत्नागिरीकर: वडिलांचा ब्रायरच्या (एका झुडपाच्या) लाकडाचा पाइप दिवाळीपासून ओढतोय. थंडीत एका काडीत पेटायचा, तळापर्यंत गोडी लागायची. जूनपासून चार-चार काड्या जातात, निम्म्यावर आला की दांडीत पाणी गुरगुरतं आणि कडू थेंब जिभेवर येतो. तंबाखू तीच आहे. फार जीव हळहळतो हो. दोष हवेचा का?

नानाकाका: हवेचाच. तंबाखू मिठासारखी ओल धरते. तिला ६०-६५ टक्के आर्द्रता पुरे, आणि तुमच्याकडे जुलैत ८५ च्या वरच. ओली तंबाखू नीट जळत नाही, वाफ दांडीत गार होऊन पाणी होतं. विझू नये म्हणून आपण जोरात ओढतो, जीभ भाजते. भरण्याआधी एका वेळेपुरती तंबाखू वर्तमानपत्रावर पसरून ओट्याच्या कोरड्या, उबदार कोपऱ्यात २० मिनिटं ठेवा. चिमटीत दाबून सोडली की गोळा न राहता मोकळी व्हायला हवी. बाकीची रबरी कडीच्या काचेच्या बरणीतच.

सदाशिवपेठी: एकच पाइप रोज ओढता का? मग लाकूडही वाळत नाही. दोन दिवस विश्रांती द्या, ओढून झाल्यावर दांडीतून पाइप क्लीनर (दोरा गुंडाळलेली मऊ तार) फिरवा. मी पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा पाइप वापरतो, तो ओल छान शोषतो.

रत्नागिरीकर: काकांचं ऐकून काल तंबाखू सुकवली. ओटीवर बसलो, बाहेर धो धो पाऊस. दोन काड्यांत पेटला, गुरगुर अगदी शेवटी. बाबांच्या खोलीतला तो वास पुन्हा आला. कणसाचा पाइप कुठे मिळेल?