जुनी महिंद्रा पिकअप घरीच उभी करायची आहे, कुठून हात घालू? बजेट १ लाख २० हजार

काळीमाती_२९
नमस्कार मंडळी. मुक्काम दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. घरी १९९१ ची महिंद्रा पिकअप आहे, जीपच्या तोंडाची. प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. ९ वर्षांपासून गोठ्याला लागून टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेला, हौदा युरियाच्या पोत्यांनी खाल्ला, फाळक्याच्या कड्या गंजून बसल्या. चेसिस वरून बरी दिसते.

माझ्याकडे ४ इंची ग्राइंडर, २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क मशीन आणि चेन पुली आहे. लाईन सिंगल फेज. प्रश्न असे: इंजिन आधी जागं कसं करू? हेच ठेवू की डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन) बसवू? खालचा पत्रा आर्कने जोडता येईल का? रंग कोणता? आणि हौद्याला लाकूड टाकायचं मनात आहे, कोणतं टाकू?

बजेट १ लाख २० हजार, सगळं धरून. नवीन गाडी घ्या असं कृपया सांगू नका.

सोयाबीन_वाशीम
भाऊ, स्पष्ट सांगतो, नवीन बोलेरो पिकअप घ्या. डाउनपेमेंट करा, बाकी हप्ते. पॉवर स्टिअरिंग, वॉरंटी, पार्ट तालुक्याला मिळतात. मी तीच घेतली, एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. जुन्या लोखंडात पैसा टाकाल तर दर पावसाळ्यात टाकतच राहाल.

डिझेल_वणी
धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमधे नको म्हटलं, तेच पहिलं उत्तर. असो. इंजिनाचं सांगतो, नीट वाचा.

सेल्फ मारू नका. ट्रॅक्टरनं ओढून तर मुळीच नाही. आधी सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट काढून ऑइल पसरट घमेल्यात घ्या. पाणी जड असते, ते पहिले बाहेर येते. पाणी निघालं तर नट उघडाच ठेवा, खाली कोरडा पेपर टाका, रेडिएटर वरपर्यंत भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी पेपरवर ओला डाग दिसला तर पाणी आतून गळते, हेड काढा लागते. पेपर कोरडा असेल तर ती नऊ पावसाळ्यांची वाफ आहे, घाबरायचं काम नाही.

मग चारही हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारे) काढा. प्रत्येक भोकातून १० ते १५ मिली ऑइल-डिझेल निम्मं-निम्मं सोडा. दोन दिवस ठेवा. नंतर टॅपेट कव्हर काढून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा आणि आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते पाहा. एखादा खालीच बसून राहिला तर तिथंच थांबा. पान्याला लांब पाइप लावून जोर केला की पुशरॉड वाकते, आणि हजाराचं काम दहा हजारावर जाते.

टाकीतलं डिझेल वापरू नका. नऊ वर्षांत त्याचा काळा चिकट गाळ होते, पंपात गेला की पंप जाम. ५ लिटरच्या कॅनमधे ताजं डिझेल भरून बोनेटपेक्षा उंच टांगा, नवीन पाइप, नवीन फिल्टर. हवा काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी सेल्फ मारत नोझलच्या पाइपांचे नट एकेक ढिले करून. आणि एअर क्लीनरच्या तोंडाजवळ एक सपाट फळी तयार ठेवा. अडकलेल्या पंपाचं इंजिन सुरू झाल्याबरोबर पळत सुटते, चाबी फिरवून बंद होत नाही. फळीनं हवा कोंडली की विझते. हातानं कोंडू नका.

वऱ्हाडी_स्पॅनर
एवढी मेहनत त्या इंजिनावर काहून करता बावा? महिंद्राचं एमडीआय इंजिन टाका. २५२३ सीसी, डायरेक्ट इंजेक्शन, हीटर प्लगची भानगडच नाही. थंडीत अर्ध्या सेल्फला सुरू. माझ्या गाडीत तेच आहे, कापसाचा डाला भरून चढ चढतो तर गिअर पाडा लागत नाही. प्यूजो २११२ सीसीचं, भरल्या गाडीत दम टाकते.

डिझेल_वणी
दम टाकते हे खरं. पण एमडीआय मोठं आहे, त्याची थरथरही जास्त. फाउंडेशन रबर, बेल हाउसिंग, क्लच, सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरची नळी, सगळं जुळवा लागते. १ लाख २० हजारात इंजिनच येईल, गाडी तशीच राहील.

आरसी_अमरावती
इंजिन बदलण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी लागते आणि नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. मुळात कंपनीने दिलेल्या रचनेत मोठा बदल चालत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. रंग बदलला तरी आरसीवर नोंद हवी, म्हणून मूळ रंगच ठेवा, एक चक्कर वाचते.

तुमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. शिवाय पर्यावरण कर, विमा आणि एचएसआरपी नंबर प्लेट. थकीत कर किती दिसतो ते परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून आजच बघा. गाडी बंद असल्याचा अर्ज दिला नसेल तर नऊ वर्षांचा कर अंगावर असू शकतो, आणि ती रक्कम याच बजेटातून जाणार.

कोणी व्हिंटेजमध्ये नोंदवा म्हणेल, त्याचं ऐकू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमची २०४१ ला. आणि व्हिंटेज नोंदणीवर माल वाहता येत नाही.

पेंट_पुसद
रंगाचं माझ्याकडून घ्या. पत्रा उघडा करून कप ब्रशने गंज काढा, त्यावर इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड नको, तो ओल पितो आणि वरून टू-के पीयू (हार्डनर घालून गनने मारायचा रंग) मारला की सुरकुत्या येतात. पुट्टी ३ मिमीपेक्षा जाड नाही. १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम हार्डनर. मे महिन्यात पुट्टी हातातच दगड होते म्हणून लोक थोडी-थोडी कालवतात, ते बरोबर. पण थंडीत लवकर बसावी म्हणून हार्डनर वाढवतात, ते चूक. जास्त हार्डनरचे पिवळट डाग महिन्याभराने रंगातून वर येतात.

घासणी ८०, १८०, ३२०, मग सरफेसर, मग ८०० चा पाण्याचा पेपर. पूर्ण गाडीला ३ लिटर पीयू पुरतो. गनची नोझल १.४ मिमी, प्रेशर ३० ते ३५ पीएसआय. कॉम्प्रेसरला पाण्याचा ट्रॅप नसेल तर गन हातात घेऊच नका. हंगाम दसरा ते दिवाळीनंतरचा. उन्हाळ्यात ४५ डिग्रीला रंगाचा थेंब पत्र्यावर पोचायच्या आधी वाळतो, हात फिरवला तर खरखरीत लागतो. पावसाळ्यात चकाकीवर पांढरट धुकं बसतं. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही. काडतूसवाला मास्क घ्या.

सोयाबीन_वाशीम
मॅट ब्लॅक करा, काळा बंपर, एलईडी बार. लय भारी दिसते.

आरसी_अमरावती
रंगबदलाची नोंद. वर लिहिलं आहे.

मिग_हिंगणघाट
खालच्या पत्र्याला आर्क लावू नका. तो पत्रा मिलिमीटरभर जाड असतो, गंजून अर्धा राहिला. ३.१५ ची काडी टेकवली की रुपयाएवढं भोक. मिगवाल्याला (तार आणि गॅसवर वेल्डिंग करणाऱ्याला) घरी बोलवा. ०.८ मिमी तार, सीओटू गॅस, सलग ओढायचं नाही. २५ मिमीवर एक टाका, मग समोरच्या बाजूला एक, हात लावून गार झालं की पुढचा. सलग ओढलं तर पत्रा पापडासारखा फुगतो.

वऱ्हाडी_स्पॅनर
आर्कनंही होते. २ मिमीची काडी घ्या, ४० ते ४५ अँपिअर, टाका-टाका.

मिग_हिंगणघाट
हात बसलेल्याचं होते. आणि गावात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, तेव्हा ४५ ला लावलेलं मशीन काडी चिटकवत राहते. पंप बंद असतानाच काम करा, जुनी १.५ ची वायर नको, ४ स्क्वेअरची वेगळी ओढा. बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचं कनेक्शन काढल्याशिवाय अर्थचा चिमटा गाडीला लावू नका. टाकी आधीच खाली उतरवून लांब ठेवा, आणि तिलाच भोक असेल तर स्वतः झाळू नका.

घोडी_जॅक
सगळे इंजिन आणि रंगावर बोलत आहेत. धागाकर्त्याने चेसिस "वरून बरी दिसते" लिहिलं आहे, ती कोणीच तपासायला सांगितली नाही. माझ्या मते पहिलं काम तेच, दुसरं ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी.

गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. चेसिसच्या आत आणि क्रॉस मेंबरच्या कोपऱ्यात काळी माती ठासलेली असते. ती वरून वाळते, आतून महिनोन्महिने ओली राहते, त्यात युरिया झिरपलेला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढा, धुवा, दोन दिवस वाळू द्या. मग अर्ध्या किलोच्या हातोडीने इंच-इंच वाजवत जा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, पाटा लटकतो ते शॅकल आणि स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, इथे विशेष लक्ष द्या. या तीन ठिकाणी बद्द आवाज आला तर पुढचा एक रुपया खर्च करण्याआधी ते दुरुस्त करा. जोडपट्टी मारायची तर टोकं तिरकी कापा. चेसिसच्या वरच्या-खालच्या कानावर (दुमडलेल्या कडेवर) आडवं वेल्डिंग नको, भरल्या गाडीत चेसिस नेमकी तिथे तडकते.

ब्रेकमध्ये नऊ वर्षं उभं असलेलं एकही रबर ठेवू नका. मास्टर सिलेंडरचे वॉशर, चारही चाकांचे कप, तीनही होज. लोखंडी नळ्या हाताने वाकवून बघा, जिथे पापुद्रे निघतात ती बदला. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४. चुकूनही इंजिन ऑइल टाकू नका, रबर फुगून चाकं जाम होतात. हवा काढताना मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. बूस्टर (ब्रेक हलका करणारा डबा) असेल तर लक्षात ठेवा, डिझेल इंजिनाला स्वतःचा व्हॅक्युम नसतो, तो वेगळ्या पंपातून येतो. बऱ्याचदा हा पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो. स्वस्तात साधा अल्टरनेटर बसवला की ब्रेक दगडासारखा होतो आणि लोक मास्टर सिलेंडर बदलत बसतात.

मिग_हिंगणघाट
बॅटरी काढल्याशिवाय वेल्डिंग नाही, परत सांगतो. आणि मिगच.

संत्रा_मोर्शी
हौद्यासाठी सागवान. डेपोची पावती घेऊन. दुसरा विचारच नको.

बंडी_पाटा
सागवान खुर्चीला. हौद्यात लोखंडी वखर आपटते, तिथं बाभूळ पायजे. बंडीच्या चाकाला लोकं बाभूळच काहून लावत होते?

संत्रा_मोर्शी
बाभूळ तडकते.

बंडी_पाटा
ओली कापली तर तडकते. वर्षभर सावलीत वाळलेली घ्या.

मिग_हिंगणघाट
दोन्ही नको, ३ मिमी चेकर्ड प्लेट टाका.

घोडी_जॅक
वजन बघा. ८ बाय ५ फुटाचा हौदा म्हणजे ३.७ चौरस मीटर. ३ मिमी चेकर्ड प्लेट साधारण ९३ किलो. एक इंची बाभूळ ७५ च्या आसपास, सागवान ६०. फरक फार नाही, पण प्लेटखाली ओल कोंडते आणि फळ्यांच्या फटीतून माती गळून जाते. कोणतंही लाकूड घ्या, उन्हाळ्यात बसवणार असाल तर दोन फळ्यांत ६ मिमी फट ठेवा. मे महिन्यात घट्ट बसवलेल्या फळ्या श्रावणात फुगतात आणि बोल्टासकट उचलतात. वरून जवसाचं तेल द्या, पण दुकानात 'बॉइल्ड' म्हणून मिळतं ते. घाण्याचं कच्चं तेल महिनाभर चिकट राहून धूळ धरतं. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून शेडमध्ये टाकू नका, वाळताना आपोआप तापून पेट घेतात. उन्हात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

काळीमाती_२९
सगळ्यांचे आभार. १५ दिवसांत एवढं केलं: सम्पमधून पाऊण ग्लास पाणी निघालं, पेपर सकाळी कोरडा होता. इंजिन हाताने फिरतं, आठही व्हॉल्व्ह हलतात. चेसिसमधून दोन घमेले माती निघाली. डाव्या बाजूचा मागचा शॅकल हँगर बद्द वाजला, ठोकल्यावर हातोडीचं टोक आत गेलं. घोडी_जॅक दादा, ते तुमच्यामुळे सापडलं. हँगर यवतमाळच्या लेथवाल्याकडून नवा करून घेतोय, वेल्डिंगही त्याच्याकडूनच. ब्रेकचं सगळं रबर आणलं. थकीत कर बघितला, तो भरल्यावर हातात ७० हजार उरतात.

म्हणून ठरवलं ते असं. इंजिन हेच. लाकूड बाभूळच, घरची वाळलेली आहे. खालचा पत्रा मिगने नाही आणि आर्कनेही नाही. १६ गेजचा पत्रा कापून नट-बोल्टने बसवणार, दर पावसाळ्यानंतर काढून माती धुता येईल. आणि रंग पीयू नाही. रेड ऑक्साइड आणि वर ट्रॅक्टरचा ऑइल पेंट, ब्रशने, मूळ रंगात. शेतातली गाडी आहे, ओरखडा पडला की त्याच डब्यातून तिथल्या तिथे भरता येईल.

पेंट_पुसद
ब्रशच्या रेघा जन्मभर दिसतील. फार वाईट वाटलं वाचून. निदान पहिला हात १० टक्के टर्पेंटाइन घालून पातळ द्या, २४ तास थांबून दुसरा. आणि पुढे कधी पीयू करायचा विचार आला तर हे सगळं पत्र्यापर्यंत खरवडावं लागेल, वरून मारू नका.

मिग_हिंगणघाट
बोल्टचा पत्रा खडखड करेल आणि पाणी घेईल.

घोडी_जॅक
नाही घेणार. दर १०० मिमीवर ६ मिमीचा बोल्ट, मोठा वॉशर, मध्ये ३ मिमी रबर पट्टी. फक्त जिथे पत्रा बसतो ती चौकट बद्द वाजणारी नको, आणि सीटचे बोल्ट या पत्र्यात घेऊ नका, खालच्या क्रॉस मेंबरमध्ये घ्या. हँगर लावल्यावर यू-बोल्ट नवेच घ्या, १०० किलोमीटर भरून चालवली की परत कसा.